हलकी कडी

माझे वडील चिंचवड स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते, आणि त्यांच्यामुळेच मला ओतशाळेत नोकरी लागली. ओतशाळा रुळांच्या पलीकडे होती. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या खिडकीतून तिचं धुराडं दिसे. कच्चं लोखंड वॅगनने यायचं, आणि ते उतरवून घ्यायला ओतशाळेचे साहेब पुष्कळदा स्वतः यायचे. अशाच एका दुपारी ते वडिलांना म्हणाले की, नकाशे गिरवायला माणूस मिळत नाही, पुण्याहून रोज एवढ्या लांब यायला कोणी तयार नाही. वडील म्हणाले, "आमची मुलगी चित्रकलेच्या परीक्षा देऊन घरी बसली आहे. हात स्वच्छ आहे तिचा."

आई त्यावरून काही दिवस वडिलांशी धड बोलली नाही. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्यातल्या मुली शाळेत शिकवत, फार तर टपाल कचेरीत बसत. भट्टीच्या धुरात, पुरुषांच्या घोळक्यात जाऊन मुलगी करणार काय, असं आई विचारी. वडील म्हणत, "तिथे जाऊन ती कागदावर रेघा मारणार गो. भट्टीत थोडीच उतरणार आहे?"

पहिलं वर्षभर मी खरोखरच रेघा मारल्या. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर मेणकट पारदर्शक कापड ताणायचं आणि काळ्या शाईने तो गिरवायचा. साहेब चाळिशीचे असतील. परदेशात शिकून आलेले, पण कपडे साधे, बोलणं कमी. माझं काम तपासताना ते रेघेवरून बोट न टेकवता फिरवीत. एकदा मी एका तुटक्या दांड्याचं चित्र काढताना त्याची वाकडी कड सरळ केली. दांडा मुळात सरळच असणार, असा माझा हिशेब. साहेब म्हणाले, "दिसतं ते काढायचं. असायला हवं ते मी काढीन." ते रागाने बोलले नव्हते, म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं.

आम्ही साखळीच्या कड्या ओतत होतो. सायकलची चेन सगळ्यांनी पाहिलेली असते. तीच कल्पना, फक्त एकेक कडी तळहाताएवढी आणि बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. कडीला दोन बाजू. त्या एका टोकाला एका जाड नळीत येऊन मिळायच्या, दुसऱ्या टोकाला त्यांना भोकं. एका कडीची नळी पुढच्या कडीच्या भोकांमध्ये बसवायची आणि आरपार पिन घालायची. ओतल्यावर बीड काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून या कड्या पेट्यांत भरून बंद भट्टीत पुष्कळ दिवस भाजत ठेवीत. मग त्यांना थोडा लवचीकपणा येई. कडबा कापायची यंत्रं, उसाचे चरक, दगड फोडायची यंत्रं, सगळीकडे आमच्या कड्या जात. नमुना एका विलायती कडीवरून उचललेला होता आणि त्यात कोणी कधी हात घातला नव्हता.

एका हंगामात नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याला आम्ही मोठी साखळी दिली. उसाच्या मोळ्या जिच्यावरून चरकाकडे सरकत जातात त्या गव्हाणीला इंजिनाची ओढ पोचवायचं काम त्या साखळीचं होतं. हंगाम अर्ध्यावर आला असताना तार आली. साखळी तुटली होती, आणि तुटलेलं टोक चाबकासारखं उडून, तेल घालणाऱ्या माणसाच्या उजव्या हातावर बसलं होतं.

साहेब त्याच दिवशी गेले. परत आले तेव्हा त्यांच्याकडे गोणपाटात बांधलेले तुकडे होते. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हात राहिला. बोटं काही चालायची नाहीत." मी विचारलं, कोण आहे माणूस. ते म्हणाले, "तरणा आहे. बायको उशाशी बसली होती. मला पाहून उठून उभी राहिली. मी कोण हे कळल्यावरसुद्धा."

एवढंच सांगून ते आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा नकाशा काढला. कडी तीच, फक्त सगळीकडे जाड केलेली. नळीला जिथे बाजू येऊन मिळतात आणि जिथे ती तुटली होती, तिथे तर त्यांनी चांगला गठ्ठा दिला. मी तो नकाशा गिरवला. आमच्या मिस्त्रींनी त्यावरून लाकडाचा साचा केला, कड्या ओतल्या, भाजल्या आणि घाईघाईने कारखान्याकडे रवाना केल्या.

मिस्त्री पुण्याच्या मोमीनपुऱ्यातले. सागवानातून असा साचा कोरीत की हात फिरवल्यावर कुठे जोड आहे ते कळू नये. ओतशाळेत सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. माझ्या पहिल्या दिवशी खोलीत बसायला नीट खुर्ची नव्हती. दुपारपर्यंत त्यांनी एक उंच स्टूल करून आणलं आणि टेबलाशी ठेवून गेले.

जाड कड्यांची साखळी हंगाम संपायच्या आत तुटली. या खेपेला जवळ कोणी नव्हतं.

पुन्हा गोणपाट आलं. साहेबांनी मला सांगितलं की, तुटलेल्या प्रत्येक तोंडाचं चित्र काढा, मोठ्या आकारात, छायेसह. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, आणि असता तरी त्या काळ्या तुकड्यांत त्याला काही दिसलं असतं असं वाटत नाही. मी खिडकीशी तुकडा धरायची, भिंग लावायची आणि काढायची. तुटलेलं तोंड म्हणजे एखाद्या टेकडीचा उतार असतो. त्यात खड्डे असतात, चकाकणारे दाणे असतात. मला ते काम फार आवडलं. पण साहेबांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला दिसत होतं, त्यामुळे आवडतं असं कोणाला सांगितलं नाही.

बऱ्याच तुकड्यांनंतर माझ्या लक्षात आलं की माझी पेन्सिल प्रत्येक चित्रात एकाच जागी काळोख भरते आहे. तोंडाच्या कडेला दाणा बारीक, उजळ. मध्यभागी, बाजू आणि नळी मिळतात तिथे आत, एक काळसर, स्पंजासारखा डाग. पहिल्या साखळीच्या तुकड्यांत तो ज्वारीच्या दाण्याएवढा होता. जाड कड्यांच्या तुकड्यांत चिंचोक्याएवढा.

मी चित्रं घेऊन आधी चाचांकडे गेले. साहेबांना दाखवायची भीती नव्हती, पण हा डाग माझ्या डोळ्यांचा खेळ नाही ना, एवढं बघायचं होतं. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्रं पाहिली, मग तुकडे पाहिले.

"हा डाग तुझ्या शाईचा नाही बेटा," ते म्हणाले. "रस साच्यात पडला की पातळ जागा आधी थिजते. जाड जागा शेवटी. थिजताना रस आक्रसतो, त्याला अजून रस हवा असतो. आजूबाजूचं तर सगळं थिजलेलं. मग आत पोकळ राहतं."

"मग जाडी वाढवली तर?"

"तर पोकळी वाढेल." त्यांनी चष्मा खाली घेतला. "साहेबांना हे ठाऊक आहे. ठाऊक नसेल असं होणार नाही."

नियम त्यांना ठाऊक होताच, फक्त या कडीला तो लावून पाहिला नव्हता. मी चित्रं ओळीने मांडली तेव्हा साहेबांनी ती एकामागून एक उचलली आणि शेवटी म्हणाले, "आक्रस. पहिल्या वर्षाला शिकवतात." मग ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर निगडीच्या बाजूला नुसता माळ होता, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

मी तेवढ्यात धीर केला. घरून एक कच्चा नकाशा काढून आणला होता. त्यात कोपऱ्यातला गठ्ठा काढून टाकला होता. नळीपासून बाजूपर्यंत मोठी गोलाई दिली होती, म्हणजे जाडी कुठेच एकदम वाढू नये. बाजूंच्या मधला भाग खोलगट करून कडांना उभ्या कण्यासारखी शीर ठेवली होती. जाडी सगळीकडे जवळपास सारखी. माझ्या अंदाजाने कडी पहिल्या कडीपेक्षाही चौथाईने हलकी होत होती.

साहेबांनी नकाशा पाहिला. त्यांना तो कळला हे मला त्यांच्या बोटावरून समजलं. ते गोलाईवरून फिरलं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"हे मी करणार नाही."

"चूक आहे का काही?"

"चूक नाही. कदाचित हेच बरोबर असेल." ते हळू बोलत होते. "पण त्या माणसाच्या हाताला काय झालं ते मी पाहून आलो आहे. आता मी तिथे जाऊन सांगू, की तुमचा हात निकामी करणाऱ्या साखळीतून मी लोखंड काढून घेतलं आहे? उद्या ती तुटली तर लोक काय म्हणतील ते सोडा. मी स्वतःला काय सांगू?"

मी कागद गुंडाळून घेतला. हिशेबाने बरोबर असलेली गोष्ट करायला माणूस का कचरतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जवळून दिसलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही जाडीच वाढवली असती. भ्यालेल्या माणसाला जास्त लोखंड हाच आधार वाटतो.

घरी जेवताना मी वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांना सांगू नकोस. दाखव." आई म्हणाली, आता कड्यासुद्धा जेवणाच्या ताटावर आल्या.

दाखवायचं कसं, ते चाचांनी सुचवलं. साहेबांकडे जाऊन त्यांनी फक्त एवढं विचारलं की, दोन्ही कड्यांचे थोडे नग ओतून ओढून पाहायला हरकत आहे का? कुठे पाठवायच्या नाहीत. साहेब हो म्हणाले. मला वाटतं, तेही कोणीतरी विचारण्याची वाट पाहत असावेत.

चाचांनी माझ्या नकाशावरून साचा केला आणि करताना तो सुधारला. मी दिलेली शीर इतकी टोकदार होती की साचा वाळूतून उचलताना वाळू ढासळली असती. त्यांनी तिला उतार दिला आणि मला बोलावून दाखवला. मी नकाशा बदलला. ओतणारा गडी पिंपळे गुरवचा होता. पहिली कडी वाळूतून काढून झटकल्यावर ती हातात तोलून तो म्हणाला, "ताई, ही कडी हाय का बांगडी? म्या तर न्हाई हिच्यावर भरवसा ठेवणार."

ओढून पाहायचं यंत्र साहेबांनी स्वतः उभं केलं. भंगारातला रुळाचा लांब तुकडा तरफेसारखा टांगला. एका टोकाशी कडी अडकवली, दुसऱ्या टोकाला पारडं. पारड्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या एकेक करून ठेवायच्या. सगळ्यांना लांब उभं केलं. सभोवती जाड फळ्या लावल्या, त्या मात्र साहेबांनी दोनदा तपासल्या.

जाड कडी आधी लावली. लाद्या चढत गेल्या, कडी जशीच्या तशी. ती खरोखरच दणकट दिसत होती. मग काही सूचना न देता ती कडाड्कन तुटली आणि तुकडा फळीवर आपटला. लांब उभा असलेला ओतणारा गडी दचकून मागे सरकला.

मग हलकी. जाड कडी जिथे तुटली तेवढ्या लाद्या चढल्या. आणखी चढल्या. साहेबांनी हात वर केला आणि जवळ जाऊन वाकून पाहिलं. भोक लांबट झालं होतं. कडी ताणली गेली होती, उघड दिसण्याइतकी. आणखी काही लाद्यांनंतर ती तुटली, पण आधी वाकून. तिच्या आत डाग नव्हता. सगळा दाणा सारखा होता.

दुसरी लावली, तिसरी लावली. थोड्याफार फरकाने तेच. सगळ्या हलक्या कड्या तुटण्याआधी ताणल्या गेल्या.

साहेब खाली बसून तुकडे बघत होते. मला म्हणाले, "किती ओढ सोसते यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. ही आधी सांगते. तेल घालणारा रोज बघतो साखळीकडे. भोक लांबट झालेलं त्याला दिसेल."

मला वाटलं, आता झालं. पण उठताना त्यांनी आणखी एक काम दिलं. "साखळीवर पत्र्याचं आच्छादन हवं. दोन्ही बाजूंनी, पार चाकांपर्यंत. तेलासाठी वरून लांब चोचीच्या डब्याला वाट ठेवा. कडी चांगली आहे. पण ती तुटणारच नाही, असं मी कोणाला सांगणार नाही." ते आच्छादन मला कडीपेक्षा जड गेलं. कागदावर सहज वळणारी रेघ पत्र्याला तशी वळवता येत नाही. तीन वेळा नव्याने काढलं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर साखळी बसवायला साहेब आणि चाचा निघाले. साहेब म्हणाले, तुम्हीही चला, मोजमापं तुमच्या हातची आहेत. मुलीने परगावी पुरुषांबरोबर जायचं म्हटल्यावर आई पुन्हा वडिलांवर रुसली. वडिलांनी रजा टाकली, रेल्वेचा पास काढला आणि छत्री घेऊन माझ्याबरोबर निघाले. दौंडला गाडी बदलताना त्यांनी चाचांना आपल्या डब्यातलं थालीपीठ दिलं, चाचांनी त्यांना खजूर दिले, आणि पुढचा सगळा प्रवास ते दोघं मालगाड्यांबद्दल बोलत होते.

कारखान्यात तो माणूस आम्हाला फाटकाशीच भेटला. त्याला आता सामानाच्या कोठीवर बसवलं होतं. उजवा हात सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतलेला. साहेबांनी त्याला नमस्कार केला आणि आम्ही कशासाठी आलो आहोत ते सांगितलं. त्याने डाव्या हाताने पेटीतली एक कडी उचलली.

"हलकी हाय," तो म्हणाला.

"हो."

"आधीच्यापेक्षा हलकी?"

"आधीच्या दोन्हींपेक्षा."

त्याने कडी परत ठेवली. साहेबांचा चेहरा मला बघवेना. मी पुढे झाले आणि पिशवीतून दोन कड्या काढल्या, एक जाड, एक हलकी. दोन्ही आम्ही करवतीने मधोमध कापून घासून आणल्या होत्या. जाड कडीच्या पोटातला डाग त्याला दाखवला. तिथे नख घाला म्हटलं. त्याने घातलं, आणि नख आत गेलं.

"ही अशीच व्हती? माझ्यावर आली ती?"

"अशीच. थोडी लहान पोकळी, पण अशीच."

त्याने तो अर्धा तुकडा उन्हात फिरवून फिरवून पाहिला. मग साहेबांना विचारलं, "तुमाला ठावं व्हतं?"

माझ्या वडिलांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. साहेब म्हणाले, "ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं."

तो माणूस मान हलवून म्हणाला, "बरं." तो बरं म्हणाला त्याचा अर्थ मी पुष्कळ वेळा लावून पाहिला आहे. माफ केलं असा तो नव्हता. खरं उत्तर मिळालं, एवढाच असावा.

साखळी चढवली, आच्छादन बसवलं, गव्हाण सुरू झाली. तो लांब कोठीच्या दारात उभा होता, जवळ आला नाही. साहेब मात्र उसाच्या पहिल्या मोळ्या चरकात जाईपर्यंत आच्छादनाला लागून उभे राहिले. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं.

ती साखळी हंगामभर चालली. संपल्यावर काही कड्या परत मागवून मी मोजल्या. दोन-चार किंचित ताणल्या गेल्या होत्या. त्या बदलल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यांनीही तीच कडी मागवली, आणि जुन्या नमुन्याचा साचा चाचांनी फोडून बंबात घातला. साहेबांनी मला गिरवण्याच्या कामातून काढून नकाशे करायला बसवलं. आईने हे शेजारी कोणाला तरी अभिमानाने सांगितल्याचं मी ऐकलं, पण मला तिने तसं कधी जाणवू दिलं नाही.

त्यानंतर एका हंगामात मी पुन्हा त्या कारखान्यात गेले, वडिलांसहच. गव्हाणीपाशी तोच माणूस होता. कोठीवरून त्याने आपणहून तेलाचं काम परत मागून घेतलं होतं. लांब चोचीचा डबा डाव्या हातात धरून तो वरच्या फटीतून तेल सोडत होता, आणि मधूनमधून कंदील आडवा करून कड्यांची भोकं बघत होता. ते पाहून मला नुसता आनंद झाला असं म्हणता येणार नाही. जिथे हात लुळा झाला तिथेच त्याला परत का यावंसं वाटलं, हे मी त्याला विचारू शकले नाही. माणसाच्या हाताला एखादंच काम आपलं वाटतं, माझ्याही, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मी मोजमापाची फूटपट्टी काढून आच्छादनाजवळ वाकले, तसा त्याने तेल सोडायचं थांबवलं आणि लुळा हात माझ्यापुढे आडवा धरला.

"बाई, जरा मागं उभ्या ऱ्हावा," तो म्हणाला. "चालू हाय."

मी मागे सरकले. वडीलही सरकले.